नूरबानोला घर मानवत नाही

माझ्या बायकोच्या श्वासाचं चित्र पुण्याला जाऊन आलं. ती स्वतः कधी आंबोलीचा घाट चढून पलीकडे गेलेली नाही. डॉक्टर सृष्टीने ते चित्र तिथल्या परिषदेत मोठ्या पडद्यावर लावलं आणि जमलेल्या डॉक्टरांनी म्हणे माना हलवल्या. मला तिने ते नंतर मोबाइलवर दाखवलं. एक रेघ खालून वर चढत गेलेली, वर गेल्यावर बरेच दिवस सरळ चाललेली, आणि मग एका जागी धाडकन कोसळलेली. "ही कोसळली आहे ना, तिथे नूरबानो तुमच्या घरी आल्या होत्या," ती म्हणाली. एवढी स्वच्छ रेघ अभ्यासातल्या दुसऱ्या कुठल्याच बाईची आली नव्हती, म्हणून ती खुशीत होती. मी म्हटलं, अभिनंदन. दुसरं काय म्हणणार? माझी बायको माझ्याच घरात गुदमरते हे मला आधीच कळलं होतं, त्यासाठी पुण्याला जायची गरज नव्हती.

मी गुलाम. मालवणात किनाऱ्याला लागून आमचं घर, आणि वडिलांपासूनचा सुक्या जवळ्याचा धंदा. जवळा म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी कोलंबी. होड्यांवरून घ्यायचा, वाळूवर जाळी अंथरून सुकवायचा, चाळायचा, पोती भरायची आणि घाटावर पाठवायची. वासाबद्दल लोक बोलतात. बोलू देत. त्या वासावर आमच्या दोन पिढ्या जेवल्या आणि माझा मुलगा साद शिकून कतारला गेला. घरी आलेल्या पाहुण्याने नाकाला रुमाल लावला की मी त्याला मुद्दाम अजून एक कप चहा पाजतो.

जवळा सुकला की त्यात वाळू असते, तुटलेली डोकी असतात, मिशा असतात आणि एक पिवळट भुकटी असते. ती सगळी चाळून काढावी लागते. नूरबानो लग्न होऊन वेंगुर्ल्याहून आली आणि आठवड्याभरात चाळणीवर जाऊन बसली. तिला कोणी बसवलं नव्हतं. बाकीच्या बायका कशा चाळतात हे बघून तिचे हात शिवशिवायला लागले, एवढंच. ती चाळायला लागली की तिच्याभोवती भुकटीचा ढग उठायचा आणि उन्हात तो सोनेरी दिसायचा. मी वजनकाट्याशी उभा राहून बघत बसायचो. नवं लग्न होतं. त्या ढगात बायको देखणी दिसते, यापलीकडे मला त्यातलं काही कळत नव्हतं.

खोकला कधी लागला ते नक्की सांगता येणार नाही. आधी फक्त हंगामात यायचा, मग छातीत शीळ वाजायला लागली. माझ्या आईने तावीज बांधला. शेजारच्यांनी अडुळशाचा काढा सांगितला. बाजारातल्या डॉक्टरांनी दमा म्हटलं आणि पंप दिला, तो ओढून ती पुन्हा चाळणीवर बसायची. गंमत म्हणजे पावसाळ्यात तिला बरं वाटायचं. पावसाळ्यात होड्या बंद, जवळा बंद, चाळण भिंतीला टांगलेली. दमेकरी पावसात बेजार होतात आणि आमची मात्र जून-जुलैत टुणटुणीत, याचं मी चारचौघांत कौतुक करायचो. तिला पाऊस मानवतो, म्हणायचो. एवढं समोर दिसत असून कोणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

डॉक्टर सृष्टी कुडाळची. उंचीने बेताची, बोलायला धीट. जवळा आणि कोलंबी हाताळणाऱ्या बायकांच्या दम्यावर ती संशोधन करत होती. एके दिवशी ती दोन मदतनिसांसह आमच्या सुकवणीच्या जागेवर आली आणि प्रत्येक बाईच्या हातात एक प्लास्टिकची नळी दिली. छाती भरून श्वास घ्यायचा आणि जोरात फुंकायचं, की आतला काटा सरकतो. श्वास किती मोकळा आहे ते त्यावरून कळतं. बायकांनी पहिल्याच दिवशी त्या नळीचं नाव फुंकणी ठेवलं. आमच्याकडे कामाला असलेली तुळसा एवढ्या जोरात फुंकायची की काटा शेवटाला जाऊन आपटायचा, आणि मग ती सगळ्यांकडे बघायची.

मग हातावर थेंबांची तपासणी झाली. दंडाच्या खाली एका ओळीत थेंब टाकायचे, सुईने जरासं टोचायचं आणि वाट बघायची. एक थेंब धुळीचा, एक बुरशीचा, एक कोलंबीच्या अर्काचा. तुळसाच्या हातावर काहीच उठलं नाही.

"माका कायच नाय इला?" ती नापास झाल्यासारखी म्हणाली.

नूरबानोच्या हातावर कोलंबीच्या जागी मात्र हां हां म्हणता गांधी उठली, रुपयाएवढी. सृष्टी ती बराच वेळ बघत राहिली. मग आम्हा दोघांना बाजूला बसवून तिने सांगितलं, की जवळ्याची ही भुकटी वर्षानुवर्षं श्वासातून आत गेली की काही जणांचं शरीर तिला शत्रू मानायला लागतं. मग जरा कण गेला तरी श्वासनळ्या आवळतात. हा कामातून होणारा दमा. पण खात्री करायची तर नूरबानोला काही आठवडे कामापासून आणि घरापासून लांब ठेवायला हवं, कारण आमच्या पडवीतच पोत्यांची थप्पी असते. लांब राहून फुंकणीचा काटा वर गेला, तर कारण सापडलं म्हणायचं.

"खंय जातलंय मी?" नूरबानोने मला विचारलं.

तिची धाकटी बहीण आलिमा दोडामार्गाच्या पुढे एका गावात दिलेली. नवरा रोज गोव्यात कामाला जातो, घराभोवती काजू, केळी, आणि पलीकडे रबराची झाडं. समुद्र नाही, मासळीबाजार लांब. तिथे फुंकणी सोबत देऊन पाठवायचं ठरलं. तिला गाडीत बसवताना मी म्हटलं, "चार आटवड्यांचो तर प्रश्न आसा." तिने पदर डोक्यावर नीट घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "फ्रिजात कालवण आसा. तां आज संपवा."

चार आठवडे म्हणता म्हणता हंगाम गेला. कारण काटा चढायला लागला. दर काही दिवसांनी सृष्टीचा फोन यायचा, की नूरबानोंची फुंकर वाढली. मी हो हो म्हणायचो. फुंकर वाढल्याचा मला आनंद होता, खोटं कशाला बोलू? पण मला भाकरी भाजता येत नव्हती, तिच्या अंथरुणाची घडी तशीच राहिली होती, आणि घरात शिरल्यावर "इलास?" असं विचारणारं कोणी नव्हतं. उत्तराची सवय झालेल्या माणसाला प्रश्नच कोणी विचारला नाही तर तो काय करेल? मी दारातून आत येताना आपणच मोठ्याने खाकरायचो.

शुक्रवारी जुम्याची नमाज झाली की मी दोडामार्गाची वाट धरायचो. पण थेट तिच्यासमोर जायला बंदी. आलिमाच्या घरामागे विहीर आहे, तिथे आधी साबण लावून आंघोळ, मग आलिमाने धुऊन ठेवलेले कपडे, अंगावरचे कपडे पिशवीत बांधून फाटकाबाहेर. असा घासूनपुसून नवरदेव होऊन मी पुढच्या दारी यायचो तेव्हा नूरबानो हसायची. मग मला बंदराच्या बातम्या विचारायची. कोणाच्या होडीला काय लागलं, जेटीवर कोण कोणाशी भांडलं, तुळसाच्या सुनेला काय झालं. सगळं अगदी बारकाईने. मी सांगत राहायचो आणि ती पोटभर ऐकायची. परतीच्या गाडीत मला दर वेळी वाटायचं, की बाईचा जीव तिकडेच आहे, फक्त एकदा घर साफ झालं की झालं.

मग मी घर साफ करायला घेतलं. पडवीतला सगळा माल उचलून बंदराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या शेडमध्ये नेला. माळ्यावरच्या जुन्या गोण्या जाळल्या. भिंती घासून चुना मारला, गाद्या नव्या केल्या, कौलंसुद्धा उतरवून धुतली. लोक म्हणाले, गुलाम दुसरं लग्न करतोय की काय. मी म्हटलं, होय, त्याच बायकोशी. सृष्टी येऊन घर बघून गेली आणि म्हणाली, आता त्यांना एक-दोन दिवस आणून बघू. फुंकणी चालू ठेवायची, म्हणजे घर मानवतं का ते कळेल.

ती येणार त्या दिवशी दुपारपासून मला बसवेना. घर लख्ख होतं, पण मला सारखं वाटत होतं, कुठेतरी कोपऱ्यात वास राहिलाच असेल. आमच्यात लांबून घरी येणाऱ्या माणसासाठी घर पाक करायचं म्हणजे लोबान घालायचा. माझी आई दर गुरुवारी संध्याकाळी घालायची. मी शेगडीत निखारे केले, वर मूठभर लोबान टाकला आणि खोलीखोलीतून फिरवला. धूर जरा बसला की पुन्हा मूठभर. माळ्यावर, पलंगाखाली, कपाटात. नूरबानो रिक्षातून उतरली तेव्हा घर दर्ग्यासारखं दरवळत होतं. ती उंबऱ्यावर क्षणभर थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि आत आली.

चहा अर्धासुद्धा झाला नव्हता. तिने कप खाली ठेवला, दोन्ही हात पलंगाच्या काठावर टेकले आणि खांदे वर उचलून श्वास ओढायला लागली. ओठ काळसर झाले. पंप दोनदा मारला, उपयोग नाही. मी तिला तशीच उचलून रिक्षात घातली. दवाखान्यात वाफेचा मुखवटा लावून ती पडली होती तेव्हा सृष्टी धावत आली. तिने तिला विचारलं, "घरात गेल्यावर नेमकं काय झालं?" नूरबानो मुखवट्याआडून म्हणाली, "घरात शिरले आणि झालं." सृष्टीने मान हलवली. दुसऱ्या दिवशी आलिमा येऊन तिला घेऊन गेली. त्यानंतर सृष्टीच्या माणसांनी आमच्या गादीवरची, माळ्यावरची, भिंतीच्या फटींतली धूळ यंत्राने ओढून पिशव्यांत भरली आणि तपासायला पुण्याला पाठवली. मला तिने स्पष्टच सांगितलं, घराच्या हाडात मुरलंय, आता त्यांना इथे आणू नका.

वडिलांनी बांधलेलं घर. त्याच्या हाडात जे मुरलंय ते माझ्याही हाडात असणार. त्या दिवसांत मी कोणाशी धड बोललो नाही. तुळसा म्हणायची, "मालक, वायच खावा." मी तिच्यावर खेकसायचो. आणि मधल्या काळात ती रेघ पुण्याच्या पडद्यावर जाऊन आली.

नंतर पुष्कळ दिवसांनी एका सकाळी सृष्टीचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"गुलामचाचा, तुमच्या घरातल्या धुळीचा अहवाल आलाय. जवळ्याचा अंश जवळजवळ नाहीच. माझ्या स्वतःच्या घरात असेल तेवढासुद्धा नाही. मग त्या दिवशी त्यांना झालं कशाने? काही रंग लावला होता का? काही जाळलं होतं?"

"लोबान घातला होता," मी म्हटलं. "दुसरं काही नाही."

"किती?"

"घर भरून."

पलीकडून कुडाळची पोर प्रमाण मराठी विसरून म्हणाली, "अरे देवा. चाचा, धूर! दमेकऱ्याक धूर घातलात तुमी!" आणि लगेच सावरून म्हणाली, की चूक तिची, तिने तेव्हाच विचारायला हवं होतं, आलेखातला तो भाग आता दुरुस्त करावा लागेल, आणि घराची चाचणी पुन्हा घ्यावी लागेल. "घरात काही नाही, चाचा. त्या बहुतेक येऊ शकतील."

माझ्या हातून असा गाढवपणा झाला म्हणून मी त्या दिवशी कपाळ बडवायला हवं होतं. मी नाचलो. शेडमध्ये जाऊन तुळसाला सांगितलं, बायकांना भजी मागवली. मग शुक्रवार नसतानाही, फोनसुद्धा न करता, दोडामार्गाला निघालो. गाडीत शेजारी बसलेल्या परक्या माणसाला मी माझ्या बायकोच्या फुफ्फुसांची सगळी हकिकत ऐकवली. तो बिचारा बांद्याला उतरणार होता, त्याच्या आधीच्याच थांब्यावर उतरला.

आलिमाच्या घराची चढण चढताना मागच्या अंगणातून गाणं ऐकू आलं. कोणाच्या तरी हळदीची तयारी चालली असावी. बायका आमच्याकडच्या लग्नांतली जुनी गाणी म्हणत होत्या. बाकीच्या ओळ धरायच्या आणि सोडायच्या, पण एक आवाज शेवटचा शब्द उचलून लांबवर न्यायचा, घाई न करता, आणि मग अलगद खाली ठेवायचा. मी नियमाप्रमाणे आधी विहिरीवर गेलो. डोक्यावर पाणी ओतताना तो आवाज ऐकत राहिलो. आलिमा कपडे घेऊन आली तेव्हा मी तिला विचारलं, "कोण गाता गो? बरो आवाज आसा. कोणाचा चेडू?"

आलिमा माझ्याकडे बघतच राहिली. "भावोजी, तुमची बायल ती."

नूरबानो गायची हे मला माहीत होतं. लग्न झालं तेव्हा बंदरावरच्या दहा घरांतून तिला हळदीला बोलावणं यायचं. ते कधी थांबलं, ते मात्र माझ्या लक्षात नाही. वय झालं, मुलगा झाला, बायका गाणं सोडतात, असंच मी धरून चाललो होतो. कपडे घ्यायचे विसरून मी विहिरीच्या काठावर ओलाच उभा राहिलो. इतकी वर्षं जिच्या शेजारी झोपलो, तिचा आवाज मला ओळखता आला नव्हता.

बायका गेल्या आणि नूरबानो पुढच्या पडवीत आली. अंगाने भरली होती. मला अवेळी बघून घाबरली. "साद बरो आसा मा?"

"साद बरो आसा. सगळा बरा आसा. नूर, घरात कायएक नाय गो! पुण्याहून अहवाल इलो. घर पाक आसा. त्या दिशी तुका झाला तां माज्या लोबानान झाला!" मी एका दमात बोललो. "तू येव शकतंस. परत चाचणी करतली म्हणता डॉक्टरीण. या आटवड्यातच करूया."

ती माझ्यासमोर बसली. तिच्या चेहऱ्यावर मी जे शोधत होतो ते दिसेना.

"माका म्हायत होता," ती म्हणाली.

"काय?"

"लोबानाचा. मी उंबऱ्यारच वळाकलंय. धूर छातीत गेलो तेवाच."

"मगे सांगूक नाय कित्याक? डॉक्टरणीन इचारल्यान मा तुका!"

"त्या दिशी तुमच्या तोंडाकडे बगवत नाय होता. इतक्या खुशीत घातलेल्यात तुमी. मी म्हटलंय, उद्या सांगतंय. मगे हंय इलंय. आणि निजलंय. आडवी निजलंय, सादच्या अब्बा. तीन उशे लावून नाय, भिताक टेकान नाय. आडवी. सकाळी उटलंय आणि म्हटलंय, नाय सांगणंय."

मी चिडलो. मला राग लवकर येतो, आणि वाईट वाटलं की तर फारच लवकर येतो. मी म्हटलं, मी तिथे घर धुऊन काढलं, वडिलांच्या वेळची कौलं खाली उतरवली, लोकांची टिंगल ऐकली, एकटा बसून खरकट्या भांड्यांशी बोललो, आणि तू इथे केळी मोजत बसलीस. तुला घर नको, नवरा नको, सरळ सांगायचं तसं. बरंच बोललो. सगळं इथे लिहिण्यासारखं नाही.

आमचं प्रत्येक भांडण पूर्वी तिच्या खोकल्यावर संपायचं. ती दोन वाक्यं बोलायची, मग छाती भरून यायची, मी पाणी आणून द्यायचो आणि भांडण मी जिंकलेलं असायचं. त्या दिवशी पहिल्यांदा तिच्याकडे अख्ख्या भांडणाला पुरेल एवढा श्वास होता.

"माका नवरो नको?" ती उठून उभी राहिली. "दर शुक्रवारी सकाळपास्न मी त्या चढणीकडे बगत रवतंय, ह्या आलिमाक इचारा. तुमी गेलास काय रातीक जेवण जायत नाय. बंदराची आठवण रोज येता, तुमची दर घडयेक येता. पण हंय श्वास घेतंय आणि मगे आठवण काढतंय. थंय श्वासच काढूचो पडे. आठवणीक येळ खंय होतो माका? तुमी बाजूक असून माका तुमी दिसा नाय, सांगा, तां बरा होता?"

मी सवयीने पाण्याचा तांब्या तिच्यापुढे केला, तिने तो खाली ठेवला.

"घर साफ आसा, कबूल," ती जरा खालच्या आवाजात म्हणाली. "पण कुंपणाच्या पलीकडे कोण सुकयता? सगळेच सुकयतत. हंगाम सुरू झालो, वारो फिरलो, मगे? माका भय वाटता. आता ह्यो श्वास गावलो आसा, तो परत जायत काय म्हणून भय वाटता."

"मगे मी येतंय हंय रवाक," मी म्हटलं. "धंदो विकतंय. साद तरी खंय करतलो?"

ती हसली. चेष्टेने नाही. तिने माझा हात हातात घेतला, अजून विहिरीच्या पाण्याने गार होता. "तुमी? तुमी दोन दिस रवतलास. तिसऱ्या दिशी भरती कधी, सुकती कधी म्हणान माका इचारतलास. चौथ्या दिशी रबराच्या झाडांक गाळी घालतलास. आणि मगे एक दिस माज्यार राग काडतलास. नको. धंदो जड झालो काय या. दमल्यार या. माज्यासाठी म्हणान येव नकात."

मी नाही म्हणून शपथ घ्यायला तोंड उघडलं, पण आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी लहानपणापासून समुद्राच्या आवाजाशिवाय झोपलेलो नाही. आलिमाकडे एकदा राहिलो होतो, तेव्हा रात्रभर कूस बदलत होतो. आलिमाने चहा आणला. आम्ही तो प्यायलो, आणि मग नूरबानो म्हणाली, "आता सांगा. जेटयेर भांडलेलो तो होडीवालो, त्याच्या होडयेचा काय झाला?" मी सांगायला लागलो. गाडीची वेळ होईपर्यंत सांगत राहिलो.

परत आल्यावर मी सृष्टीला जाऊन भेटलो. म्हटलं, चाचणी नको. तिने कारण विचारलं, मी होतं तसं सांगितलं. ती बराच वेळ पेनाचं टोपण काढघाल करत राहिली. लहान आहे अजून, अशा गोष्टींवर काय बोलायचं ते तिला कोणी शिकवलेलं नसणार.

"पण चाचा, माझ्या शोधनिबंधात मला खरं तेच लिहावं लागेल. घरात अंश सापडला नाही, तो झटका धुराचा होता, असं."

"निबंधात खरं लिहा," मी म्हटलं. "आमच्या वाड्यात कोणी वाचणार नाही. पण कोणी तोंडी विचारलं तर सांगा, की घर तिला मानवत नाही. डॉक्टर नको म्हणतात. नाहीतर लोक तिला बोलतील. नवऱ्याला सोडून बहिणीकडे जाऊन बसली, म्हणतील."

"म्हणजे सगळे मला बोलणार."

"तुम्ही डॉक्टर. तुम्हाला चालतं."

ती हसली आणि हो म्हणाली. तेव्हापासून बंदरावर सृष्टीचं नाव वाईट झालं आहे. तुळसा तर उघड शिव्या घालते, की चार बुकं शिकली आणि मालकांचा संसार मोडला. मी ऐकून घेतो. मध्ये एकदा सृष्टीने सांगितल्याप्रमाणे चाळणारणींसाठी तोंडाला बांधायच्या पट्ट्या आणल्या आणि चाळण्याआधी जवळ्यावर पाण्याचा हबका मारायला लावला, म्हणजे भुकटी उडत नाही. तुळसा तेही करते आणि शिव्याही घालते.

गेल्या शुक्रवारी मी दोडामार्गाहून परतलो आणि कतारहून सादचा फोन आला. त्याला बाजारातून कोणीतरी सगळं कळवलं होतं, आपापलं मीठमसाला लावून.

"अब्बा, त्या डॉक्टरणीक कायएक समजत नाय," तो तावातावाने म्हणाला. "मी पैसे धाडतंय. अम्मीक मुंबयत न्हेवया, मोठ्या डॉक्टराक दाखवया. कोणतरी सांगतलो मा, अम्मी घराक येव शकता म्हणान? तुमका नको ती घराक?"

"नको रे मुंबय," मी म्हटलं. "ही डॉक्टरीण बरी आसा. ती सांगता तां खरा आसा."

"अब्बा, पण..."

"साद, आयक माजा. अम्मी बरी आसा. आता गाता ती."

"अम्मी गाता?" त्याने विचारलं. त्याने आईला गाताना कधी ऐकलं नव्हतं. फोन ठेवला आणि मला रडू आलं. घरात कोणी नव्हतं, म्हणून मी पोटभर रडून घेतलं.